क्लेबसिएलाचे ४६ जीनोम, हाती १३८ संभाव्य अँटिजेन: लसीच्या दृष्टीने पुढचं पाऊल कोणतं?

ॲगरप्लेट (प्रश्न)

नमस्कार. नवजात बाळांच्या रक्तातून मिळालेल्या क्लेबसिएला न्यूमोनिई या जिवाणूच्या ४६ आयसोलेटचं (रुग्णांपासून वेगळ्या वाढवलेल्या नमुन्यांचं) पूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग झालं आहे. इल्युमिना, २×१५०, कव्हरेज साधारण ८० पट. वाचलेल्या तुकड्यांची जोडणी स्पेड्सने, अ‍ॅनोटेशन (जनुकं ओळखणं) प्रोक्काने, पॅनजीनोम (सगळ्या आयसोलेटमधल्या जनुकांची एकत्र यादी) पॅनारूने. ९५ टक्क्यांहून जास्त आयसोलेटमध्ये असलेली जनुकं घेतली, प्रथिन पेशीत कुठे असेल ते सांगणाऱ्या पीसॉर्टबीने 'बाह्य पटल' किंवा 'पेशीबाहेर' म्हटलेली ठेवली, माणसाच्या प्रथिनांशी जुळणारी ब्लास्टने काढली आणि शेवटी प्रथिन अँटिजेन असण्याचा अंदाज आकड्यात सांगणाऱ्या व्हॅक्सिजेनची ०.४ ची मर्यादा लावली. १३८ प्रथिनं उरली, म्हणजे प्रतिकारशक्ती ज्यांना ओळखेल असे संभाव्य अँटिजेन.

यातले एपिटोप (प्रतिपिंड किंवा प्रतिकारपेशी ओळखतात ते छोटे भाग) निवडून, लिंकरने जोडून एक बहु-एपिटोप लस कागदावर तयार करावी आणि टीएलआर-४ या प्रतिकारपेशींवरच्या ग्राहीशी डॉकिंग (संगणकावर जोडून बघणं) दाखवावं, असा सल्ला मिळतो आहे. पण मला प्रयोगशाळेत काहीतरी तपासायचं आहे. शेजारच्या विभागात ऑर्बिट्रॅप (मास स्पेक्ट्रोमीटर) आहे, त्यावर थोडे रन मिळू शकतात.

विचारायचं एवढंच: ही यादी कितपत भरवशाची? मास स्पेक्ट्रोमेट्रीने ती कशी पारखायची? आणि उंदरांपर्यंत न्यायची ती प्रथिनं कोणत्या निकषावर निवडायची?

कुपी७

यादीपासून सुरुवात करू. तिच्यात नको ते शिरलं असणार आणि हवं ते गळलं असणार. दोन्हींची कारणं ठरलेली आहेत, म्हणून शोधता येतात.

आधी आयसोलेटच पाहा. सगळ्यांवर क्लेबोरेट (क्लेबसिएलाची जात आणि प्रकार जीनोमवरून सांगणारं टूल) चालवा. व्हायटेक आणि बऱ्याचदा माल्डी ही जिवाणू ओळखणारी यंत्रंसुद्धा क्लेबसिएला क्वासीन्यूमोनिई आणि व्हेरिकोला या जवळच्या जातींना न्यूमोनिई म्हणून मोकळी होतात. असे तीन-चार आयसोलेट मिसळले असतील, तर ४६ पैकी किमान ४४ ही तुमची मर्यादा तिथेच कोलमडते. जीनोमची लांबी साधारण ५ ते ६.२ दशलक्ष बेस आणि जीसी (जी आणि सी बेसची टक्केवारी) ५७ टक्क्यांच्या आसपास हवी. लांबी ७ दशलक्षांच्या वर गेली किंवा चेकएमने ५ टक्क्यांहून जास्त भेसळ दाखवली, तर प्लेटवर दोन जीव होते असं समजा आणि एकाच वसाहतीपासून पुन्हा वाढवा.

क्लेबोरेटच्याच तक्त्यात एसटीचा (सिक्वेन्स टाइप, म्हणजे कुळाचा क्रमांक) रकाना बघा. एकाच नवजात कक्षातले आयसोलेट असतील तर त्यातले बरेचसे एकाच कुळातले निघू शकतात, म्हणजे एसटी २३१ किंवा एसटी १४७. मग '९५ टक्क्यांमध्ये सापडतं' याचा अर्थ एवढाच की एकाच जिवाणूची प्रत अनेकदा मोजली. प्रत्येक एसटीचा एकच प्रतिनिधी ठेवा, सार्वजनिक साठ्यातले वेगवेगळ्या देशांतले जीनोम त्यात घाला आणि टक्केवारी पुन्हा काढा. कॅप्सूलचे (पेशीभोवतीच्या साखरेच्या आवरणाचे) आणि ओ-अँटिजेनचे (बाह्य पटलावरच्या साखर-साखळीचे) प्रकारही तिथेच मिळतील. ते जपून ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता गळतीबद्दल. घोडं नेमकं इथे पेंड खातं आणि सहसा कोणी बघत नाही. जनुक कुठून सुरू होतं हे प्रोक्का प्रॉडिगलच्या मदतीने ठरवतो. सुरुवात वीसेक अमिनो आम्लं पुढे धरली गेली, तर सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला आतल्या पटलापलीकडे पाठवणारा सुरुवातीचा तुकडा) पूर्ण कापला जातो. फार मागे धरली गेली, तर त्याच्या आधी नको ती शेपटी चिकटते. दोन्ही वेळा तो शोधणाऱ्या सिग्नलपीला काही दिसत नाही, पीसॉर्टबी 'अज्ञात' म्हणतो आणि तुमची चाळणी ते प्रथिन फेकून देते. म्हणून 'अज्ञात' गट सरसकट टाकू नका. प्रत्येक समूहातल्या सगळ्या प्रती एकाखाली एक लावा. पहिली ३० अमिनो आम्लं काहींत आहेत नि काहींत नाहीत असं दिसलं, तर सुरुवात हाताने दुरुस्त करा, आणि मगच सिग्नलपी ६ चालवा. सगळ्या जीनोमना एकाच टूलची एकच आवृत्ती लावलेली असावी हे ओघाने आलंच.

दुसरी गळती छोट्या रीड्समुळे (सिक्वेन्सरने वाचलेल्या तुकड्यांमुळे) होते. लांबलचक ऑटोट्रान्सपोर्टर आणि चिकटपणाची प्रथिनं यांत पुनरावृत्त तुकडे असतात. स्पेड्स तिथे कॉन्टिग (जोडलेला सलग तुकडा) तोडतो, जनुकाचे दोन तुकडे होतात आणि जनुक 'नाही' असं नोंदलं जातं. चार-पाच प्रतिनिधी आयसोलेट लांब रीड देणाऱ्या नॅनोपोअरवर घातलेत तर ही शंका फिटते. डीएनए काढताना कॅप्सूलचं पॉलिसॅकराइड बरोबर येतं, २६०/२३० गुणोत्तर पडतं आणि नॅनोड्रॉप आकडा फुगवून सांगतो. पाव पेलेट घ्या, सीटीएबी ०.७ मोलर मिठात वापरा आणि मोजणी क्युबिटवरच करा.

आता नको ते कसं शिरतं. लिपोप्रोटीन (सुरुवातीच्या सिस्टिनला जोडलेल्या चरबीने पटलात रुतलेली प्रथिनं) वेगळी काढा. त्या सिस्टिनच्या लगेच पुढचं अमिनो आम्ल ॲस्पार्टेट असेल तर ते प्रथिन बहुधा आतल्या पटलावरच राहतं. बाह्य पटलापर्यंत पोचलेल्यांतलीही बरीचशी आतल्या बाजूला, पेरिप्लाझमकडे (दोन पटलांमधल्या जागेकडे) तोंड करून असतात. पाल आणि एलपीपी ही ठळक उदाहरणं. ती जवळपास प्रत्येक यादीत येतात, आणि जिवंत जिवाणूवर प्रतिपिंड त्यांच्यापर्यंत पोचेल असा भरवसा नाही.

व्हॅक्सिजेनबद्दल स्पष्ट मत देतो: त्याचा आकडा क्रम लावायला वापरा, दार बंद करायला वापरू नका. त्याचं जिवाणूंचं प्रारूप सुमारे १०० ज्ञात अँटिजेन आणि तितक्याच इतर प्रथिनांवर शिकवलेलं आहे. ०.३९ ला बाहेर आणि ०.४१ ला आत यात जीवशास्त्र काहीच नाही.

'सगळ्यांत असलंच पाहिजे' हा हट्टही सोडा. गट-बी स्ट्रेप्टोकोकसवर २००५ मध्ये आठ जीनोम घेऊन काम झालं, ३१२ प्रथिनं तयार करून तपासली गेली. शेवटी संरक्षण देणारी जी चार निघाली, त्यातलं एकच सर्व स्ट्रेनमध्ये होतं. चारांचं मिश्रण केल्यावर मात्र व्याप्ती मोठी झाली. पॅनजीनोमची कल्पना रुजली ती याच काळात, याच जिवाणूवरच्या कामातून.

ट्रिप्सिन

मास स्पेकचा भाग मी घेतो. जीनोम सांगतो काय असू शकतं, तुम्हाला हवं आहे काय बाहेर लागलेलं आहे आणि किती. त्यासाठी जिवंत पेशींचं 'शेव्हिंग' करा: अखंड पेशींवर ट्रिप्सिन थोडा वेळ ठेवायचं, बाहेर डोकावणारे भाग कापले जातात, पेशी खाली बसवायच्या आणि वरच्या द्रावातले पेप्टाइड वाचायचे. २००६ मध्ये गट-ए स्ट्रेप्टोकोकसवर हे करून दाखवलं गेलं. तिथे मिळालेली जवळपास सगळी प्रथिनं पृष्ठभागावरचीच होती. पण तो ग्रॅम-पॉझिटिव्ह, जाड भिंतीचा जीव. ती कृती जशीच्या तशी उचलू नका. तिच्यात ४० टक्के सुक्रोज आहे, आणि ग्रॅम-निगेटिव्ह पेशी त्यातून साध्या बफरमध्ये आली की फुगून फुटू शकते.

क्लेबसिएलासाठी अशी घ्या. ओडी ६०० ला ०.४ ते ०.६, त्यापुढे वाढू देऊ नका, कारण उतरत्या वाढीत मेलेल्या पेशी वाढतात. ३,५०० जी, १० मिनिटं, ४° से. पीबीएसने तीनदा हळुवार धुवा, व्होर्टेक्स अजिबात नको, पिपेटचं टोक रुंद कापून घ्या. साध्या पीबीएसमध्ये १ मिलिला सुमारे १० मायक्रोग्रॅम सिक्वेन्सिंग दर्जाचं ट्रिप्सिन, ३७° से. ५, १० आणि १५ मिनिटं असे तीन वेळ एकदा तपासून घ्या आणि पेशी फुटत नाहीत असा सर्वांत लांब वेळ कायम करा. मग पेशी बसवा, वरचा द्राव प्रथिन न धरणाऱ्या ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा, थोडं ताजं ट्रिप्सिन घालून रात्रभर पचन पूर्ण करा, फॉर्मिक आम्लाने थांबवा, सी-१८ वर साफ करा.

बरोबरीने दोन गोष्टी हव्यातच. एक, ट्रिप्सिनशिवायची नळी, तोच वेळ, तेच तापमान. त्यात जे दिसेल ते आपोआप सुटलेलं आहे. दोन, आधी आणि नंतर सीएफयू (जिवंत पेशींची मोजणी). पाच-दहा टक्क्यांहून जास्त घट असेल तर तो नमुना यंत्रावर नेऊच नका. निकालात ईएफ-टीयू, ग्रोईएल आणि रायबोसोमची ही पेशीच्या आतली प्रथिनं वरच्या क्रमांकावर आली तर पेशी फुटल्या आहेत. ईएफ-टीयू पृष्ठभागावरही असतं असे दावे आहेत, पण तुमच्या प्रयोगात त्याला फुटीची खूणच माना.

डेटाबेस म्हणून त्याच आयसोलेटच्या जीनोममधून काढलेला प्रथिनसंच वापरा. संदर्भ स्ट्रेनचा वापरलात तर बाहेरच्या लूपमधले बदललेले पेप्टाइड हुकतात, आणि नेमके तेच तुम्हाला हवे असतात. केराटिन आणि ट्रिप्सिनची दूषक यादी जोडा, एफडीआर (चुकीच्या ओळखींचं प्रमाण) १ टक्का, किमान दोन स्वतंत्र पेप्टाइड. स्पेक्ट्रममध्ये ४४ डाल्टनच्या अंतराने शिडीसारखी शिखरं दिसली तर कुठूनतरी पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा ट्रायटन आलं आहे. साबणाने धुतलेली काचेची भांडी आधी तपासा.

न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. पोरिनचे (बाह्य पटलातल्या छिद्र-प्रथिनांचे) लूप घट्ट विणलेले असतात, ट्रिप्सिनला कापायला लायसिन-आर्जिनिन उघडं मिळत नाही. म्हणून जोडीला बायोटिनचं लेबलिंग करा: सल्फो-एनएचएस-एसएस-बायोटिन पटलातून सहसा आत जात नाही. ४° से. ला ३० मिनिटं, मग ग्लायसिनने थांबवा, पेशी फोडा, स्ट्रेप्टॅव्हिडिनवर धरा, डीटीटीने सोडवा. लेबलिंग ट्रिस बफरमध्ये करू नका, ट्रिसचा अमाइनच सगळं अभिकारक खाऊन टाकतो.

माध्यमही महत्त्वाचं. एलबीमध्ये लोह मुबलक असतं, रक्तात जिवाणूला मोकळं लोह मिळत नाही. एकदा साध्या एलबीत आणि एकदा २०० मायक्रोमोलर डायपिरिडिल (लोह बांधून ठेवणारं रसायन) घातलेल्या एलबीत वाढवा. फेपए, सीआयआरए यांसारखे लोह ओढणारे ग्राही दुसऱ्या नळीत वर उसळतील. माणसाचं सीरम घालून वाढवायचा मोह टाळा, अल्ब्युमिन सगळा रन गिळतं.

एक आयसोलेट, दोन माध्यमं, ट्रिप्सिनसह आणि ट्रिप्सिनविना, तीन-तीन स्वतंत्र वाढी: १२ रन. इथून सुरुवात करा.

ॲगरप्लेट

दोघांचेही आभार. स्टार्ट-साइटचा मुद्दा लगेच तपासते. दोन अडचणी. आमच्यातले काही आयसोलेट इतके चिकट आहेत की ३,५०० जी ला नीट बसतच नाहीत, वर ढगासारखा थर राहतो. वेग वाढवू का? आणि माल्डीवरूनच स्ट्रेन वेगळे ओळखता आले तर सिक्वेन्सिंगचा खर्च वाचेल, ते शक्य आहे का?

ट्रिप्सिन

वेग वाढवू नका, दाबाने पेशी फुटतात. प्लेटवरची वसाहत लूपने उचलल्यावर पाकासारखी ५ मिमीहून लांब तार येत असेल तर तो आयसोलेट पहिल्या फेरीत घेऊच नका. तारेचा नसलेला, पण त्याच एसटीचा शोधा. कॅप्सूल जाड असेल तर ट्रिप्सिनही आत पोचायला वेळ घेतं, आणि तुम्ही वेळ वाढवला की पेशी फुटतात.

माल्डीबद्दल: २,००० ते २०,००० डाल्टनच्या पट्ट्यात दिसतात ती मुख्यतः रायबोसोमची प्रथिनं. जात ओळखायला ती उत्तम, एकाच जातीतले स्ट्रेन वेगळे करायला तोकडी. केपीसी या प्रतिजैविक निकामी करणाऱ्या एन्झाइमच्या प्लास्मिडशी जोडलेलं ११,१०९ डाल्टनचं शिखर प्रसिद्ध आहे, पण आपल्याकडे त्याच कामाच्या एनडीएम आणि ओक्सा-४८ कुळाचा जोर आहे, तिथे ते कामाचं नाही. ज्या प्रथिनांना तुम्ही लसीसाठी शोधता ती मोठी पटलप्रथिनं त्या पट्ट्यात येतही नाहीत.

पूरक५६

तिसऱ्या प्रश्नावर, आणि डॉकिंगवरही.

मेनिंगोकोकस-बी या मेंदूज्वराच्या जिवाणूवरच्या लसीचं उदाहरण नीट वाचा, तुमचा सगळा मार्ग त्यात आहे. त्या जिवाणूची कॅप्सूल पॉलिसियालिक आम्लाची, आपल्याच मेंदूतल्या एनकॅम या प्रथिनावर असते तशीच. त्यामुळे पॉलिसॅकराइडची लस जमली नाही. पुण्यात तयार होणाऱ्या मेनफाइव्ह लसीमध्येही ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स हे गट आहेत, बी नाही, ते याचमुळे. म्हणून एमसी-५८ स्ट्रेनच्या जीनोमकडे वळावं लागलं. सुमारे ६०० संभाव्य प्रथिनं निघाली, त्यातली ३५० ई. कोलायमध्ये तयार करून उंदरांना टोचली, ९० च्या आसपास खरोखर पृष्ठभागावर सापडली आणि २८ प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांनी जिवाणू मारला. हे २००० साली प्रसिद्ध झालं. लसीत गेली तीन: एफएचबीपी, एनएचबीए आणि नाडए, प्रत्येकी ५० मायक्रोग्रॅम, सोबत न्यूझीलंडच्या स्ट्रेनचे बाह्य पटलाचे पुटके २५ मायक्रोग्रॅम. युरोपात मान्यता जानेवारी २०१३ मध्ये मिळाली.

आता ध्यानात घ्या: दुसऱ्या एका गटाने जीनोमची वाट न धरता पटलाचे अर्क वेगळे करत, प्रत्येक अंशाचा मारक परिणाम तपासत याच एफएचबीपीपर्यंत पोचून दाखवलं. त्यातून आलेल्या लसीला ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. दोन्ही वाटांवर शेवटची पारख एकच होती: सीरम आणि कॉम्प्लिमेंट (रक्तातली जिवाणू फोडणारी प्रथिनं) एकत्र ठेवल्यावर जिवाणू मरतो का. व्हॅक्सिजेन आणि डॉकिंग या पारखीच्या जागी बसत नाहीत. टीएलआर-४ मुळात लिपोपॉलिसॅकराइड ओळखतो. कुठलीही साखळी त्याला डॉक केली तरी ऋण आकडा येतोच. त्याच लांबीच्या यादृच्छिक साखळ्या शेजारी ठेवून बघा, फरक किती उरतो ते कळेल. शिवाय एफएचबीपीवरच्या मारक प्रतिपिंडांचे एपिटोप बहुतांशी घडीवर अवलंबून आहेत, साखळीत दूर असलेले भाग घडीत शेजारी येतात तेव्हाच तयार होणारे. नऊ-नऊ अमिनो आम्लांचे तुकडे लिंकरने जोडून ती घडी मिळत नाही.

नाडए आणखी एक गोष्ट शिकवतं. काही स्ट्रेनमध्ये त्याचं जनुकच नाही. ज्यांत आहे तिथेही नाडआर नावाचा दमनकारक ते प्रयोगशाळेच्या माध्यमात दाबून ठेवतो. म्हणून त्या लसीची व्याप्ती मोजायला मॅट्स ही एलायझा चाचणी केली गेली, जी जनुक आहे की नाही एवढ्यावर न थांबता प्रथिन किती आहे आणि लसीतल्या अँटिजेनविरुद्धच्या प्रतिपिंडांशी किती जुळतं ते मोजते. तुमच्या शेव्हिंगच्या तक्त्यातही 'आहे/नाही' लिहू नका, प्रमाणानुसार क्रम लावा.

उंदरांआधी तुमच्या जिवाणूचा खरा अडसर पार करा, तो म्हणजे कॅप्सूल. कॅप्सूलचे प्रकार जीनोमवरून शंभराहून जास्त आहेत आणि त्याखाली पोरिन झाकली जातात. त्यामुळे प्रत्येक उमेदवारासाठी एकच आयसोलेट दोन रूपांत हवा: मूळचा, आणि डब्ल्यूझेडए किंवा डब्ल्यूसीएजे हे कॅप्सूलसाठी लागणारं जनुक काढून कॅप्सूल घालवलेला. फ्लो सायटोमेट्रीत (पेशींना किती प्रतिपिंड चिकटलं ते मोजणाऱ्या चाचणीत) प्रतिपिंड फक्त दुसऱ्याला चिकटलं, तर ते प्रथिन पृष्ठभागावर आहे खरं, पण रक्तात त्याचा उपयोग होणार नाही. टाइप-३ फिंब्रियाचं (पेशीवरच्या केसांसारख्या तंतूंचं) एमआरकेए यासारखी कॅप्सूलच्या बाहेर डोकावणारी प्रथिनं म्हणूनच आकर्षक वाटतात.

प्रथिन तयार करताना सिग्नल पेप्टाइड वगळून पीईटी वाहकात, ई. कोलायच्या बीएल-२१ स्ट्रेनमध्ये. बीटा-बॅरल (पिंपासारख्या घडीचं पटलप्रथिन) असेल तर ते इन्क्लुजन बॉडीत (घडी न पडलेल्या प्रथिनांच्या गोळ्यात) जाईल. पुन्हा घडी घालता आली नाही तर त्याचा निकाल 'निकामी' असा नोंदवू नका, 'तपासता आलं नाही' असा नोंदवा. ट्रायटन एक्स-११४ ने एंडोटॉक्सिन (ई. कोलायचं लिपोपॉलिसॅकराइड) काढा आणि एलएएल चाचणीने मोजा. एंडोटॉक्सिन राहिलं तर उंदीर त्याच्याविरुद्धही प्रतिपिंड बनवतात आणि परिणाम प्रथिनाचा की त्याचा हे सांगता येत नाही. उंदरांना २० मायक्रोग्रॅम, ॲलमसह, ०, २१ आणि ३५ व्या दिवशी. ॲलम आणि रिकाम्या वाहकातून तसंच शुद्ध केलेलं द्रव असा वेगळा गट ठेवा. प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी, आणि तिच्या अर्जात 'यादीत होतं' यापेक्षा 'मास स्पेकमध्ये दोन माध्यमांत दिसलं' हे कारण जास्त टिकतं.

मारक चाचणी: सीरम ५६° से. ला ३० मिनिटं तापवून घ्या, म्हणजे त्याचं स्वतःचं कॉम्प्लिमेंट जातं. दुपटीने पातळ करत जा, प्रत्येक खाचेत ठरलेल्या संख्येच्या पेशी, २५ टक्के कॉम्प्लिमेंट, ३७° से. ला ६० मिनिटं, मग १० मायक्रोलिटर प्लेटवर. ५० टक्के मृत्यू होतो तो सर्वांत पातळ टप्पा म्हणजे टायटर. मेनिंगोकोकससाठी मानवी कॉम्प्लिमेंटसह ४ हा टायटर संरक्षणाशी जोडलेला आहे. क्लेबसिएलासाठी असा सर्वमान्य आकडा नाही, तो उसना घेऊ नका.

इथे एक सापळा आहे. कॉम्प्लिमेंट म्हणून वापरायच्या निरोगी माणसाच्या सीरममध्ये क्लेबसिएलाविरुद्ध प्रतिपिंडं आधीच असतात, त्यामुळे लस न टोचलेल्या उंदराच्या खाचेतही जिवाणू मरतात आणि तुमचा निकाल सुंदर दिसतो. ईडीटीए घालून, ४° से. ला त्याच आयसोलेटवर सीरम दोनदा शोषून घ्या, मग कॅल्शियम-मॅग्नेशियम परत द्या. किंवा इम्युनोग्लोब्युलिन काढलेलं सीरम विकत घ्या. कॉम्प्लिमेंट-एकटं आणि तापवलेलं-कॉम्प्लिमेंट या दोन खाचा प्रत्येक प्लेटवर हव्यात. अनेक आयसोलेट कॉम्प्लिमेंटला दादच देत नाहीत. त्यांच्यासाठी ऑप्सोनोफॅगोसायटोसिस (प्रतिपिंड लागलेले जिवाणू प्रतिकारपेशी गिळतात का ती चाचणी) करा, एचएल-६० पेशींना ०.८ टक्के डीएमएफमध्ये ५-६ दिवस ठेवून.

आणि तुमचे रुग्ण नवजात आहेत म्हणून शेवटचा मुद्दा. अशी लस आईला गरोदरपणी द्यावी लागेल, कारण बाळाला जन्मतःच आजार गाठतो. वारेतून आयजीजी जातं, आयजीएम जात नाही. त्यामुळे उंदरांच्या सीरममधून आयजीजी शुद्ध करून फक्त त्याचीच मारक चाचणी करा. आयजीजीचा मोठा वाटा शेवटच्या तिमाहीत जातो आणि सेप्सिस होणारी बरीच बाळं ती पूर्ण होण्याआधीच जन्मलेली असतात. म्हणजे आईच्या रक्तातला टायटर नुसता पुरेसा असून भागणार नाही, भरपूर हवा.

कुपी७

पूरक५६ यांच्या कॅप्सूलच्या मुद्द्याला जोड. डब्ल्यूसीएजे सगळ्या कॅप्सूल-प्रकारांत नसतं, काहींत त्याच्या जागी डब्ल्यूबीएपी असतं. म्युटंट करण्याआधी तुमच्या आयसोलेटमध्ये कोणतं आहे ते जीनोममध्ये पाहा. डब्ल्यूझेडए काढणं त्या मानाने सोपं. म्युटंट झाला की त्याचंही सिक्वेन्सिंग करा, एखादं पोरिनही वाटेत बिघडलं नाही ना याची खात्री त्यातच होते.

ॲगरप्लेट

मग क्रम असा धरते: क्लेबोरेट, एसटीचे प्रतिनिधी, स्टार्ट-साइटची दुरुस्ती, मग एका तार न येणाऱ्या आयसोलेटवर १२ रन. दोन्ही माध्यमांत किंवा किमान लोह-तुटवड्यात ठळक दिसलेली, लूप बाहेर असलेली १०-१५ प्रथिनं तयार करून आधी सशांच्या सीरमने फ्लो, कॅप्सूलसह आणि कॅप्सूलविना. उंदीर त्यानंतर. चालेल?

पूरक५६

चालेल. फक्त ससे टोचण्याआधी त्यांचं सीरम काढून त्याच आयसोलेटवर फ्लो करून बघा. सशांमध्येही आधीची प्रतिपिंडं असतात. ज्यांचं शिखर आधीच सरकलेलं दिसेल ते ससे घेऊ नका. आणि कॉम्प्लिमेंट एकदाच, छोट्या कुप्यांत भरून उणे ८०° से. ला ठेवा, वितळलेली कुपी पुन्हा गोठवायची नाही.